हरलेल्या उमेदवारांच्या पाठीशी : जेन अ‍ॅडम्स

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात जेन अ‍ॅडम्स यांच्यावर एकच ओळ असते : नोबेल शांतता पुरस्कार मिळवणारी पहिली अमेरिकन स्त्री, वर्ष १९३१. ओळ खरी आहे, पण तिच्यावरून वाटतं की या बाई आयुष्यभर मोठमोठ्या परिषदांमध्येच बसल्या असतील. प्रत्यक्षात त्या शिकागो शहरात सकाळी सहाला उठून कचरागाडीच्या मागे फिरल्या. आपल्या वॉर्डातल्या भ्रष्ट नगरसेवकाला पाडायला त्यांनी तीन निवडणुकांत उमेदवारांना बळ दिलं, तेही स्वतःला मतदानाचा हक्क नसताना.

आपल्याकडे निवडणूक लागली की कॉलेजात दोन प्रकारची मुलं दिसतात. काही प्रचाराच्या गाडीवर बसतात आणि बाकीची राजकारण घाण आहे म्हणून नाकाला रुमाल लावतात. अ‍ॅडम्स यांनी या दोन्हींपेक्षा वेगळी वाट धरली. चांगल्या उमेदवाराच्या मागे उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, तो हरला तर काय करायचं, आणि जिंकूनही आपल्याला पटत नसेल असं काही त्याने केलं तर काय, हे प्रश्न त्यांच्या आयुष्यात एकामागून एक आले. त्यांच्या चरित्राचा तेवढाच भाग मी इथे जरा सविस्तर सांगणार आहे.

बापाची मुलगी

जेनचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यातल्या सिडरव्हिल या लहानशा गावात झाला. ती दोन वर्षांची असताना आई वारली. चारेक वर्षांची असताना तिला मणक्याचा क्षय झाला आणि पाठीला जन्माचा बाक आला. आपण कुरूप आहोत आणि वडिलांच्या बाजूने चाललो तर लोकांत त्यांची शोभा होईल, असं त्या पोरीला वाटायचं.

वडील जॉन अ‍ॅडम्स हे गिरणीमालक होते, पुढे बँकेचे अध्यक्ष झाले. १८५४ पासून सोळा वर्षं ते इलिनॉयच्या राज्य विधिमंडळात सिनेटर होते. अब्राहम लिंकन यांच्याशी त्यांचा स्नेह होता. गुलामगिरीच्या विरोधातला, सरळ व्यवहाराचा माणूस अशी त्यांची ख्याती. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जायची : लाच नाकारणारे बरेच असतील, पण या गृहस्थांपुढे लाच ठेवायची हिंमतच कुणाला झाली नाही. ही गोष्ट जेनच्या मनात घर करून राहिली, आणि पुढे एकदा तिला चांगलीच बोचली. ते पुढे येईलच.

रॉकफर्डच्या मुलींच्या विद्यालयातून १८८१ साली ती पहिल्या क्रमांकाने बाहेर पडली. त्याच वर्षी वडील गेले. डॉक्टर व्हायचं ठरवून तिने वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं, पण पाठीच्या दुखण्याने ते सोडावं लागलं. त्यानंतरची सात-आठ वर्षं अशीच गेली. पैसा होता, शिक्षण होतं, काम नव्हतं. युरोपच्या दोन सफरी झाल्या. लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल नावाची संस्था होती. विद्यापीठातले तरुण तिथे गरीब वस्तीत घर करून राहत आणि शेजाऱ्यांना शिकवत. ते पाहून जेनला आपली वाट दिसली.

हॉलस्टेड स्ट्रीटवरचं घर

१८ सप्टेंबर १८८९ रोजी जेन अ‍ॅडम्स आणि त्यांची मैत्रीण एलन गेट्स स्टार या दोघी शिकागोच्या हॉलस्टेड स्ट्रीटवरच्या एका जुन्या वाड्यात राहायला आल्या. चार्ल्स हल नावाच्या श्रीमंताने तो बांधला होता, म्हणून त्याला हल हाउस म्हणत. आजूबाजूला इटालियन, आयरिश, ज्यू, बोहेमियन, जर्मन अशी स्थलांतरितांची दाट वस्ती होती. बरेचसे लोक कॅथलिक होते आणि या दोघी मात्र प्रॉटेस्टंट वळणाच्या. त्यामुळे हे घर आपल्या पोरांना आपल्या धर्मापासून तोडेल की काय, ही शंका तिथल्या कॅथलिक कुटुंबांत पुष्कळ दिवस होती. अ‍ॅडम्स यांनी धर्मप्रचार करायचा नाही असं ठरवलं होतं. पण शंका एका दिवसात जात नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आधी बालवाडी सुरू झाली. मग वाचनमंडळ, शिवणवर्ग, चित्रशाळा, सार्वजनिक न्हाणीघर, खेळाचं मैदान, कामगार मुलींसाठी सहकारी वसतिगृह, आणि पुरुषांचं एक मंडळ. या सगळ्याची यादी मोठी होईल. आपल्या विषयासाठी पहिल्या नाताळची एक गोष्ट महत्त्वाची आहे. नाताळला हल हाउसमध्ये मुलांना गोड खाऊ वाटत होते. काही लहान मुलींनी तो घेतलाच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की त्या गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात कामाला होत्या. नाताळच्या गर्दीसाठी सहा आठवडे सकाळी सात ते रात्री नऊ त्या राबल्या होत्या, आणि आता त्यांना खाऊचं दर्शनसुद्धा नको झालं होतं.

खाऊ वाटून हा प्रश्न सुटणार नव्हता. त्याला कायदा लागणार होता, आणि कायदा राज्याच्या विधिमंडळातच होतो.

राज्यात कोण निवडून येतं यावर काय अवलंबून असतं

१८९१ च्या अखेरीस फ्लॉरेन्स केली हल हाउसमध्ये राहायला आल्या. आकडे गोळा करण्यात आणि भांडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. खुराड्यासारख्या खोल्यांमध्ये चालणारे शिवणकामाचे धंदे, तिथे टाके घालणारी चार-पाच वर्षांची मुलं, हे सगळं त्यांनी नोंदवून राज्यापुढे मांडलं. कायद्याच्या मसुद्यासाठी अ‍ॅडम्स, केली आणि कामगार संघटनांचे लोक तीन महिने जवळजवळ रोज संध्याकाळी सभा घेत फिरले. कामगार संघ, चर्चची मंडळं, क्लब, कुठेच जायचं त्यांनी बाकी ठेवलं नाही.

याच दरम्यान कारखानदारांकडून निरोप आला की, कायद्याचा नाद सोडलात तर हल हाउसला पन्नास हजार डॉलर्सची मदत मिळेल. अ‍ॅडम्स यांनी नकार दिला, पण त्यांना लाज वाटली. ज्या बापासमोर कुणाची हिंमत झाली नाही, त्याच्या मुलीला लाच देऊ केली गेली होती.

१८९२ च्या निवडणुकीत जॉन पीटर आल्टगेल्ड हे इलिनॉयचे गव्हर्नर झाले. अमेरिकेत गव्हर्नर हा लोकांनी निवडलेला असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा सत्ताधारी असतो, हे इथे लक्षात ठेवायला हवं. आल्टगेल्ड कामगारांच्या बाजूचे होते. १८९३ साली कायदा झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात काम बंद, स्त्रियांना दिवसाला आठच तास, आणि तपासणीसाठी निरीक्षक. मुख्य निरीक्षक म्हणून आल्टगेल्ड यांनी फ्लॉरेन्स केली यांनाच नेमलं. एखाद्या बाईला एवढं मोठं पद मिळणं ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती.

पण १८९५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचं कलम रद्द केलं. १८९६ साली आल्टगेल्ड निवडणूक हरले आणि नव्या गव्हर्नरने केली यांना काढलं. कायदा कागदावर राहिला, राबवणारं माणूस गेलं. एक गव्हर्नर आला तेव्हा काय झालं आणि तो गेल्यावर काय झालं, हे अ‍ॅडम्स यांनी चार वर्षांत डोळ्यांनी पाहिलं. निवडणूक हे आपलं काम नाही असं म्हणणं त्यांना त्यानंतर शक्यच नव्हतं.

कचऱ्याची गाडी

राज्यात हे चालू असताना दाराबाहेर कचरा साठतच होता. एकोणिसाव्या वॉर्डात रस्त्याच्या कडेला मोठमोठ्या लाकडी पेट्या ठोकलेल्या असत. सडकी फळं, खाटकाकडचं उरलंसुरलं, सगळं त्यात, आणि त्यावर मुलं खेळत. कचरा उचलण्याचं कंत्राट नगरसेवकाच्या माणसाकडे. गाड्या आल्या तर आल्या.

१८९४ च्या उन्हाळ्यात हल हाउसच्या स्त्रियांच्या मंडळाने गल्लीबोळांतून फिरून आरोग्य खात्याकडे हजाराहून जास्त तक्रारी नोंदवल्या. पुढच्या वर्षी अ‍ॅडम्स यांनी थेट कचरा उचलण्याचं कंत्राट मिळावं म्हणून निविदाच भरली! तांत्रिक कारण दाखवून ती फेटाळली गेली, पण वर्तमानपत्रांत एवढा गाजावाजा झाला की महापौरांनी त्यांना वॉर्डाच्या कचरा निरीक्षक नेमलं. पगार वर्षाला हजार डॉलर्स.

सकाळी सहाला त्या गाड्यांच्या मागे निघत. गाड्या वाढवायला लावल्या, घरमालकांना कोर्टात खेचलं. एका अरुंद गल्लीत खणता खणता दीड फूट कचऱ्याखाली चांगला फरसबंदी रस्ता निघाला. तिथे रस्ता आहे हे रहिवाशांनाही ठाऊक नव्हतं. मृत्युदरात हा वॉर्ड शहरात तिसरा होता, तो सातवा झाला.

मग नगरसेवकाने ते निरीक्षकाचं पदच दुसऱ्या पदात विलीन करून टाकलं, आणि त्या नव्या पदावर बाईला जाता येत नव्हतं.

जॉनी पॉवर्स

या नगरसेवकाचं नाव जॉनी पॉवर्स. आयरिश, कॅथलिक, दारूच्या गुत्त्यांचा मालक. १८८८ पासून तो निवडून येत होता आणि शहराच्या अर्थसमितीवर त्याची पकड होती. ट्रामचे मालक चार्ल्स यर्कीस यांना शहराचे रस्ते स्वस्तात वापरायला द्यायचे, परवाने द्यायचे, आणि त्या बदल्यात नगरसेवकांनी खिसे भरायचे, हा धंदा उघड उघड चाले. वॉर्डात शाळा अपुऱ्या होत्या, रस्ते खराब होते, पाणी वाईट होतं. आणि पॉवर्स दरवेळी निवडून येत होता.

प्रत्येक वॉर्डातून दोन नगरसेवक असत. १८९५ साली हल हाउसच्या पुरुष मंडळाने दुसऱ्या जागेसाठी एका अपक्षाला पाठिंबा दिला. तो निवडून आला आणि लवकरच पॉवर्सच्या गोटात जाऊन बसला. म्हणजे पहिली निवडणूक जिंकूनही हरली.

१८९६ साली थेट पॉवर्सच्या विरोधात विल्यम ग्लीसन यांना उभं केलं. ग्लीसन हे आयरिश गवंडी, गवंड्यांच्या संघटनेचे माजी अध्यक्ष. कामगारांच्या वॉर्डाला कामगार उमेदवार, याहून योग्य काय असणार? लोकांना ते पटलं नाही. आपला नगरसेवक हा हिऱ्याची पिन लावणारा, शॅम्पेन पाजणारा, वट असलेला माणूस हवा असं त्यांना वाटे. डबा घेऊन कामावर जाणारा आपल्यातलाच गवंडी तिथे जाऊन आपलं काय भलं करणार! ग्लीसन हरले. पॉवर्सचं मताधिक्य मात्र कमी झालं.

१८९८ साली पुन्हा प्रयत्न झाला. या वेळी उमेदवार होते सिमियन आर्मस्ट्राँग. हे आयरिश, कॅथलिक आणि वकील, त्यामुळे धर्माचा किंवा जातकुळीचा मुद्दा येऊ नये. सभा, पत्रकं, घरोघरी फिरणं, सगळं झालं. हल हाउसला वॉर्डातून हाकलून देऊ असं पॉवर्सने जाहीर केलं. अ‍ॅडम्स यांना घाणेरडी निनावी पत्रं आली. आर्मस्ट्राँग मोठ्या फरकाने पडले.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. चांगला माणूस पडला, गुंड निवडून आला, लोक अडाणी आहेत, संपलं. अ‍ॅडम्स यांचं मोठेपण मला पुढच्या भागात दिसतं. लोक असं मत का देतात, याचा त्यांनी शांतपणे विचार केला आणि १८९८ साली त्यावर लेख लिहिले.

त्यांनी मांडलं ते थोडक्यात असं. वॉर्डातल्या दर पाच मतदारांपैकी एकाची नोकरी पॉवर्सच्या मर्जीवर होती. पोरगा पोलिसांनी पकडला तर जामीन तो देई. भाडं थकलं तर घरमालकाला तो सांगे. चर्चच्या फनफेअरला येऊन तो सगळ्यात जास्त खरेदी करी. लग्नाला आहेर, मयताला गाड्या. नाताळला सहा टन टर्की आणि चार टनांहून जास्त बदकं आणि हंस तो वाटी, आणि देताना कुणाला पात्रतेचा दाखला विचारत नसे. धर्मादाय संस्था मात्र दहा प्रश्न विचारून मग मदत करत. गरिबाच्या लेखी चांगला माणूस म्हणजे अडीअडचणीला धावून येणारा माणूस. त्या मापाने पॉवर्स चांगलाच होता. तो पैसा ट्राममालकाकडून येतो, आणि शेवटी आपल्याच तिकिटाच्या भाड्यातून वसूल होतो, हे चार पावलं लांबचं गणित होतं.

याच लेखनात त्यांनी स्वतःच्या संस्थेची एक चूकही सांगितली आहे. हल हाउसच्या पाळणाघरात कुणीतरी सोडून दिलेलं एक नाजूक बाळ होतं. खूप काळजी घेऊनही ते गेलं. त्याचं कुणीच नव्हतं, म्हणून संस्थेने सरकारी खर्चाने पुरायची व्यवस्था केली. गाडी यायची वेळही ठरली. शेजारच्या बायकांना हे कळलं तेव्हा त्या हादरल्या. बेवारशासारखं पुरणार? त्यांनी वर्गणी काढली. हल हाउसला वाटत होतं की आपण बाळासाठी जिवंतपणी सगळं केलं. शेजारणींच्या मते खरी परीक्षा पुढेच होती, आणि तिच्यात या शिकलेल्या बायका नापास झाल्या होत्या.

मेलेल्यांना मूठमाती देणं हे दयेच्या कृत्यांपैकी एक, असं आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेलं असतं. ते त्या बायकांना माहीत होतं आणि पॉवर्सलाही माहीत होतं. तो दयेचं कृत्य चोरीच्या पैशातून करायचा, हा फरक आहेच. पण सुधारक मंडळी ते कृत्य करतच नव्हती, हेही खरं. अ‍ॅडम्स यांनी हे दोन्ही एका वेळी पाहिलं. मतदारांना त्यांनी मूर्ख ठरवलं नाही आणि पॉवर्सची चोरीही झाकली नाही. सुधारणेचा उमेदवार जिंकायचा असेल तर त्याने आणि त्याच्या माणसांनी निवडणुकीच्या आधीची सगळी वर्षं लोकांच्या सुखदुःखात असायला हवं, हा त्यांचा निष्कर्ष होता.

पॉवर्स पुढे दोन दशकांहून जास्त काळ नगरसेवक राहिला, म्हणजे या वॉर्डात त्या हरल्याच. पण शहरात वेगळं घडत होतं. १८९६ साली स्थापन झालेली म्युनिसिपल व्होटर्स लीग ही संस्था प्रत्येक नगरसेवकाने सभागृहात कसं मत दिलं याची नोंद छापून लोकांसमोर ठेवत होती आणि बऱ्या उमेदवारांना पाठिंबा देत होती. बाकीच्या वॉर्डांतून प्रामाणिक माणसं वाढत गेली. १८९८ च्या अखेरीस यर्कीस यांनी दीर्घ मुदतीच्या परवान्यासाठी शेवटचा जोर लावला, तेव्हा सभागृहाने तो हाणून पाडला. पॉवर्स जागेवर होता, पण त्याच्या मागे आता पुरेसे हात उरले नव्हते.

१९१२ : पटणारं आणि न पटणारं

यानंतर अ‍ॅडम्स यांनी नगरसेवकाच्या निवडणुकीत थेट उडी घेतली नाही. १८९९ साली शिकागोत देशातलं पहिलं बालन्यायालय सुरू झालं, त्यामागे हल हाउसच्या मंडळींचे कष्ट होते. १९०५ ते १९०९ त्या शहराच्या शाळा मंडळावर होत्या. १९०९ साली काळ्या लोकांच्या हक्कांसाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या संस्थापकांत त्यांचं नाव आहे. स्त्रियांना नगरपालिकेत मत मिळावं यासाठी त्या भाषणं देत फिरल्या. त्यांचा मुद्दा साधा होता : शुद्ध दूध, स्वच्छ गल्ली, मुलांची शाळा ही पूर्वी घरातली कामं होती, आता ती नगरपालिकेकडे गेली. मग घर चालवणाऱ्या बाईला तिथे मत का नाही?

ऑगस्ट १९१२ मध्ये शिकागोतच प्रोग्रेसिव्ह पक्षाचं अधिवेशन भरलं. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे उमेदवार. बालमजुरीला बंदी, कामाचे तास, स्त्रियांना किमान वेतन, स्त्रियांना मताधिकार, असं हल हाउसच्या जेवणाच्या टेबलावर वीस वर्षं बोललं गेलेलं सगळं त्या जाहीरनाम्यात होतं. रूझवेल्ट यांच्या नावाला अनुमोदन द्यायला अ‍ॅडम्स व्यासपीठावर आल्या. सभागृह दणाणून गेलं.

पण त्याच अधिवेशनात दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेल्या काळ्या प्रतिनिधींना बसू दिलं नाही. दक्षिणेतल्या गोऱ्यांची मतं जातील, हे कारण. अ‍ॅडम्स यांनी समितीपुढे विरोध नोंदवला, तो ऐकला गेला नाही. काळ्या नेत्यांनी त्यांना विनंती केली की अनुमोदन देऊ नका. शिवाय दरवर्षी दोन युद्धनौका बांधाव्यात असं कलमही जाहीरनाम्यात होतं, आणि अ‍ॅडम्स तर शांततावादी! तरी त्यांनी अनुमोदन दिलं, आणि आपण असं का केलं याचं स्पष्टीकरण काळ्या लोकांच्याच मासिकात लिहिलं.

त्यांचं बरोबर होतं का? आमच्या मंडळात या विषयावर वाद घातला तर दोन तट पडतील, आणि पडावेत. मला स्वतःला वाटतं की इथे त्यांनी जास्त किंमत मोजली, आणि ती स्वतःच्या खिशातून मोजली नाही. ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांनी ती मोजली. मात्र त्यांनी तो व्यवहार लपवला नाही, एवढं म्हणावंच लागेल. पाठिंबा देताना काय गिळलं हे त्यांनी सांगितलं. आपल्याकडे पाठिंबा दिला की उमेदवाराचं सगळंच गोड वाटायला लागतं, त्यापेक्षा हे निराळं आहे.

रूझवेल्ट यांना ४१ लाखांहून जास्त मतं मिळाली, तरी ते हरले आणि वुड्रो विल्सन निवडून आले. अ‍ॅडम्स यांच्या नावावर आणखी एक पराभव जमा झाला. पण इलिनॉयच्या राज्य विधिमंडळात प्रोग्रेसिव्ह पक्षाचे काही सदस्य निवडून आले होते. दोन मोठ्या पक्षांपैकी कुणाकडेच स्पष्ट बहुमत नव्हतं, त्यामुळे या थोड्या लोकांच्या मताला वजन आलं. जून १९१३ मध्ये इलिनॉयने स्त्रियांना राष्ट्राध्यक्षाच्या आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क दिला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचं हे पहिलंच राज्य. देशाच्या पातळीवरचा गाजलेला उमेदवार पडला, आणि ज्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत अशा आमदारांनी हे काम केलं.

१९१४ च्या सुरुवातीला शिकागोत दीड लाखाहून जास्त स्त्रियांनी मतदार म्हणून नावं नोंदवली. त्या वर्षी पहिल्या वॉर्डात मॅरियन ड्रेक नावाच्या बाई तिथल्या कुख्यात नगरसेवकाविरुद्ध उभ्या राहिल्या. त्या हरल्या. पण आता मत द्यायला बायका रांगेत होत्या.

अखेरची वर्षं

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगते. पहिल्या महायुद्धाला अ‍ॅडम्स यांनी विरोध केला. १९१५ साली हेग इथे भरलेल्या स्त्रियांच्या शांतता परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. अमेरिका युद्धात उतरल्यावर, ज्या वर्तमानपत्रांनी त्यांना संत ठरवलं होतं त्यांनीच देशद्रोही ठरवलं. १९२३ साली जगप्रवासात त्या भारतातही येऊन गेल्या. त्या वेळी गांधीजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. १९३१ साली नोबेल पुरस्कार मिळाला तो निकोलस मरे बटलर यांच्याबरोबर विभागून. २१ मे १९३५ रोजी शिकागोत त्यांचं निधन झालं.

अंत्यविधी हल हाउसच्या अंगणात झाला. हजारो लोक रांगेने येऊन दर्शन घेऊन गेले. त्यात मोठमोठी माणसं होती, तशी वॉर्डातली साधी माणसंही होती : इटालियन, ग्रीक, ज्यू, आयरिश. एका बेवारस बाळाच्या मयताच्या वेळी ज्या बाईला शेजाऱ्यांचं मन कळलं नव्हतं, तिच्या मयताला सगळी वस्ती आली. मधल्या चाळीसेक वर्षांत ती तिथेच राहिली होती.

आपल्यापैकी बरेच जण येत्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देतील, काही जण प्रचारालाही जातील. अ‍ॅडम्स यांचं चरित्र वाचून माझ्यापुरतं मी एवढं ठरवलं आहे : ज्याला पाठिंबा द्यायचा त्याने सभागृहात कसं मत दिलं ते आधी शोधायचं. तो काही चुकीचं करेल तेव्हा गप्प बसायचं नाही. तो पडला तरी दुसऱ्या दिवशी कचऱ्याची तक्रार घेऊन वॉर्ड ऑफिसात जायचं. आणि शेजारी कुणाकडे मयत झालं, तर नगरसेवकाच्या आधी आपण तिथे पोचायचं.